मराठवाड्यातील धूळ आणि रेकॉर्ड प्लेयरची निगा

घरातील रेकॉर्ड प्लेयर, तबकड्या, ॲम्प्लिफायर व स्पीकर यांवर धूळ साचू न देणे आणि साचलेली धूळ यंत्राला इजा न करता काढणे, हे ध्वनियंत्रांच्या निगेतील नित्याचे काम आहे. मराठवाड्यात माती व हवामान या दोन्हींमुळे ते अधिक जिकिरीचे होते. बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून बनलेल्या येथील काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असून तिचे कण 2 मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात. एलपी (लाँग प्ले) तबकडीची, जिच्यातून सुई फिरते ती खाच साधारण 50 मायक्रॉन रुंद असल्यामुळे हे कण सहज तिच्या तळाशी जाऊन बसतात. सोयाबीन व तुरीच्या मळणीच्या दिवसांत त्यात भुसकटाची भर पडते. जिनिंगच्या आसपासच्या वस्तीत कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात आणि सुईच्या टोकाशी त्यांचा करडा पुंजका जमून आवाज फाटका येऊ लागतो.

उन्हाळ्यात अडचण वाढते, कारण एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता अनेकदा 30 टक्क्यांच्या खाली उतरते व व्हायनिलच्या (एक प्रकारच्या प्लास्टिकच्या) तबकडीवर घर्षणाने आलेला स्थिर विद्युतभार लवकर ओसरत नाही. अशा वेळी कोरड्या फडक्याने जोरात पुसलेली तबकडी आधीपेक्षा जास्त धूळ ओढते, म्हणून कोरडे पुसण्यापेक्षा न पुसणे बरे. कूलरमुळे खोलीत दमटपणा येतो हे खरे. पण तो बाहेरची हवाही आत ओढतो, त्यामुळे यंत्र त्याच्या झोतासमोर ठेवू नये. घर झाडण्यापूर्वी प्लेयरचे झाकण लावावे आणि धूळ खाली बसेपर्यंत ते उघडू नये.

तबकडी लावण्यापूर्वी कार्बन तंतूंचा ब्रश फिरत्या तबकडीवर हलका टेकवून दोन-तीन फेरे होऊ द्यावेत आणि मग तो सावकाश कडेकडे सरकवत उचलावा. सुई साफ करताना बारीक ब्रश मागून पुढे, म्हणजे तबकडी सुईखालून ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने फिरवावा. उलट फिरवल्यास सुईची नाजूक दांडी वाकते. बोटाने किंवा तोंडाने फुंकर मारून सुई साफ करण्याची सवय घरोघर दिसते, मात्र बोटाचे तेल व थुंकीचे शिंतोडे धुळीला आणखी घट्ट चिकटवतात.

मळलेली तबकडी धुवायची असल्यास बोअरचे पाणी वापरू नये. हे पाणी बहुधा जड असते आणि वाळल्यावर त्यातील क्षार खाचेत पांढरे होऊन राहतात, मग धुण्यापूर्वी नसलेली खरखर ऐकू येते. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी दुकानात मिळणारे शुद्ध डिस्टिल्ड वॉटर या कामी चालते. ते आम्ल मिसळलेले नाही, एवढी खात्री करून घ्यावी. सौम्य साबणाचा एखादा थेंब घातलेल्या पाण्याने मऊ कापड खाचेच्या दिशेने, म्हणजे गोलाकार फिरवून पुसावे, मधला कागदी लेबलचा भाग कोरडा ठेवावा, नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याने साबण काढून तबकडी सावलीत उभी वाळवावी. (सीडीचा नियम याच्या उलट आहे, ती मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसतात.) जुन्या घरांतून सापडणाऱ्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यांना अल्कोहोल मुळीच लावू नये, कारण त्या लाखेच्या असतात व लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

ॲम्प्लिफायरच्या जाळीत धूळ दाटली की आतील उष्णता बाहेर पडत नाही. ती यंत्र बंद करून, प्लग काढून मऊ ब्रशने झाडावी. यंत्र चालू असताना किंवा तापलेले असताना त्यावर कापडी आच्छादन घालू नये. आवाजाचे बटण फिरवताना खरखर येत असेल तर आतल्या संपर्क-पट्टीवर धूळ किंवा गंज बसलेला असतो, आणि त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरतात. स्पीकरचे कापड हलक्या हाताने झाडणे पुरेसे असते. शंकूच्या मध्यावरची टोपी दाबल्यास आत चेपते.