बालसंगोपन, सामूहिक (ग्रामीण विदर्भ)

लेकरू एका घरचे, पण त्याच्यावर नजर साऱ्या मोहल्ल्याची, अशी मूल वाढवण्याची रीत. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतील खेड्यांत ती या ना त्या रूपात आढळते. गावात तिला वेगळे नाव नाही. ‘पोराकडं लक्ष ठेवजा, मावशी’ एवढे सांगून बाई वावरात निघते. करार म्हणायचा तर तेवढाच.

या रीतीला आकार दिला शेतकामाने. पश्चिम विदर्भात आणि वर्ध्याकडे कापूस, सोयाबीन, तूर. पूर्वेकडील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली पट्ट्यात धान. पावसाळ्यातले निंदण, धानाची रोवणी, दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारी कापसाची वेचणी ही कामे मुख्यतः बायकांच्या हातची. जंगलपट्ट्यात उन्हाळाही रिकामा जात नाही. मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करण्यात जातो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून लेकराजवळ बसून राहिलेल्या बाईचा रोज तेवढा बुडतो. तान्हे बाळ मग सोबतच नेले जाते. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाला किंवा बाभळीला लुगड्याची झोळी बांधतात आणि जी बाई पात संपवून धुऱ्याशी पोचते, ती झोळीला एक झोका देऊन मागे फिरते. झोळीतले बाळ तिचेच असते असे नाही.

चालती-बोलती पोरे गावात राहतात. त्या दिवशी वावरात न गेलेले जे घर असेल, तिथे ती जमतात : कुठे म्हातारी आजी, कुठे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, कुठे किराणा दुकान सांभाळणारी काकू. भूक लागली की त्याच घरची भाकर आणि बेसन. नात्याचे शब्द इथे फार कामाचे ठरतात. रक्ताचे नाते नसले तरी प्रत्येक घराला मोठी माय, काकाजी, मावशी, आबाजी असे काही ना काही नाते लावलेले असते, आणि ते नाते घेऊनच मूल त्या घराच्या छपरीत पाय ठेवते.

जो खाऊ घालतो त्याला रागावण्याचाही हक्क, हा या व्यवहाराचा कणा होय. विहिरीच्या काठावर वाकलेल्या किंवा शाळेच्या वेळी बांधावर बोरे वेचणाऱ्या पोराला कोणीही हटकावे आणि ते पोरगे घरी पोचायच्या आत बातमी त्याच्या आईला कळावी, हे गृहीतच असते. ‘माझ्या पोराला बोलणारे तुम्ही कोण?’ असे आई विचारत नाही. मोहल्ल्यातला हा विश्वास ज्या दिवशी जातो, त्या दिवसापासून लक्ष ठेवणे म्हणजे नुसते पाहत राहणे होते. मारही पूर्वी याच हक्कात धरला जाई. तो चांगला नव्हता आणि कमी होतो आहे, हे बरेच झाले. शाळेत तर शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदीच घातली आहे.

रागावण्याइतकेच कौतुकही वाटून घेतले जाते. त्याचे सणच ठरलेले आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, विशेषतः नागपूर-वर्धा भागात, तान्हा पोळा असतो. मुले सजवलेला लाकडी बैल ओढत घरोघरी जातात. दार उघडणारा माणूस बैलाचे कौतुक करतो आणि हातावर बोजारा, म्हणजे नाणी किंवा खाऊ, ठेवतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणत घरे पालथी घालतात. डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा असतो. रोज नवा खाऊ शोधताना आयांचीच कसोटी लागते. आवाज फुटत नाही अशी लाजरी मुलगी इथे पहिल्यांदा चार घरांसमोर गाते.

जिल्हा परिषद शाळेचे गॅदरिंग हा त्याचाच मोठा अवतार. नाच रंगात आला की प्रेक्षकांतून दहा-वीस-पन्नासच्या नोटा मंचाकडे जातात आणि गुरुजी माइकवर देणाऱ्याचे नाव पुकारतात. रक्कम किरकोळ असते, पण शेजारच्या काकाजींनी सगळ्या गावासमोर आपल्या नावाने वीस रुपये दिले, हे मूल विसरत नाही. गडचिरोलीच्या माडिया-गोंड गावांत नाच, गाणे आणि गावकीची शिस्त मोठ्या मुलांकडून धाकट्यांकडे देण्याचे काम गोटूल या युवागृहाने केले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) सामुदायिक प्रार्थनेने अनेक गावांत संध्याकाळी मोठ्यांच्या शेजारी मुलांना बसवले. गुरुदेव सेवा मंडळांची उन्हाळी संस्कार शिबिरे त्याच परंपरेतली.

या रीतीच्या मर्यादा झाकून चालणार नाही. घरी कोणी नसले की धाकट्याला सांभाळायला बहुधा थोरली मुलगी शाळेतून मागे ठेवली जाते. शेजार असूनही हे होते. दुसरी भिंत जातीची. नात्याचे शब्द वस्तीची वेस ओलांडतात, ताट दरवेळी ओलांडत नाही, आणि मुलाला ते लवकर कळते. ऊसतोडीला किंवा परगावी मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांची पोरे आजी-आजोबांवर पडतात. अशांसाठी काही भागांत हंगामी वसतिगृहे चालवली जातात. त्यात मुले गावातच राहतात, जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीकडून होते.

सरकारी व्यवस्थेने या जुन्या वाटेवरच पाय ठेवले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने गावोगाव अंगणवाडी नेली. सेविका बहुतेक गावातलीच, त्यामुळे ती बाई आणि मावशी दोन्ही असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार (लागू १ एप्रिल २०१०) शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. २०२२ पासून राज्याच्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी उपक्रमात वस्तीवरच्या आयांचे माता गट जमू लागले. अंक-अक्षरांची तयारी घरातल्या खडे, शेंगा, भाज्यांवर करून घ्यायची, आणि एकीला वाचता येत नसेल तर दुसरीने सांगायचे.

अलीकडे तालुक्याच्या कॉन्व्हेंटची व्हॅन सकाळी गावात येते. एकाच अंगणातली दोन पोरे आता दोन शाळांत जातात आणि त्यांच्या आयांची एका फाटकाशी गाठ पडत नाही. पारावर बसणाऱ्या आबाजींना व्हॅनमधून उतरणारे पोर कितवीत आहे, हे विचारावे लागते.