कोची : पर्यटनस्थळे आणि मनोरंजन

केरळमधील अरबी समुद्रावरचे ऐतिहासिक बंदर. इ.स. १३४१ मध्ये पेरियार नदीला आलेल्या महापुराने कोडुंगल्लूरचे प्राचीन बंदर गाळाने भरले आणि कोचीजवळ समुद्राला नवे मुख फुटले, असे मानले जाते. मिरीचा व्यापार तेथे सरकला. अरब व ज्यू व्यापारी, पुढे पोर्तुगीज, १६६३ मध्ये डच आणि १७९५ मध्ये इंग्रज असे एकामागून एक येथे आले. कोचीत पाहण्यासारखे जे आहे त्यातले बरेचसे या व्यापाराने मागे ठेवलेले आहे.

पूर्वेला मुख्य भूमीवर एर्नाकुलमचे नवे शहर, पश्चिमेला फोर्ट कोची व मट्टनचेरी हे जुने भाग, अशी शहराची विभागणी आहे. मधले विलिंग्डन बेट विसाव्या शतकात रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखाली बंदराचा गाळ उपसून, भर टाकून तयार केले. पर्यटकाने जुन्या भागात पुलावरून मोटारीने जाण्यापेक्षा बोटीने जावे. सरकारी बोटींचे भाडे अगदी थोडे असते. २०२३ पासून विजेवर चालणाऱ्या ‘वॉटर मेट्रो’ची सेवाही सुरू झाली आहे. मालवाहू जहाजे, मासेमारीच्या होड्या आणि नौदलाचा तळ यांच्यामधून जाताना हे बंदर अजून कामात आहे, हे लक्षात येते.

फोर्ट कोचीत किल्ला मात्र नाही. १५०३ मध्ये उभारणी सुरू झालेला पोर्तुगीजांचा इमॅन्युएल किल्ला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी पाडला. किनाऱ्यावर त्याचे थोडे अवशेष दिसतात. सेंट फ्रान्सिस चर्च हे भारतातील सर्वांत जुन्या युरोपीय चर्चपैकी एक. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, त्याला येथेच पुरले होते. पुढे त्याचे अवशेष लिस्बनला नेण्यात आले, परंतु थडग्याची जागा अजून दाखवतात. बाहेरून दोरीने ओढायचे कापडी पंखेही आत टांगलेले आहेत.

किनाऱ्यावरची चिनी जाळी ही कोचीची ओळखच आहे. लाकडी खांबांचा सुमारे दहा मीटर उंचीचा सांगाडा, त्याला टांगलेले पसरट जाळे आणि मागच्या बाजूला दोरांना बांधलेले मोठाले दगड, अशी ही रचना असते. एक माणूस मुख्य वाशावरून पुढे चालत गेला की त्याच्या वजनाने जाळे पाण्यात उतरते. काही मिनिटांनी चार-सहा जण मिळून ते वर ओढतात. ही जाळी चिनी व्यापाऱ्यांनी आणली असे परंपरा सांगते. काही अभ्यासक मात्र त्याचे श्रेय चीनच्या किनाऱ्यावरील मकावहून आलेल्या पोर्तुगीजांना देतात. मासळी आता कमी मिळते, त्यामुळे पाहुण्यांना दोर ओढू देऊन मिळणाऱ्या पैशांवरही कोळ्यांना अवलंबून राहावे लागते. फोटो काढून लगेच निघण्यापेक्षा येथे तासभर थांबावे आणि तेथलीच ताजी मासळी विकत घ्यावी. ती शिजवून देणारी दुकाने जवळच असतात.

मट्टनचेरीचा राजवाडा ‘डच पॅलेस’ म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात तो पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला भेट दिला. डचांनी त्याची डागडुजी केली. शयनगृहाच्या भिंतींवरील रामायणाची चित्रे हे त्याचे खरे वैभव. दाट रेषा आणि गेरूच्या छटा बारकाईने पाहण्याजोग्या आहेत. शेजारच्या ज्यू टाउनमध्ये १५६८ चे ‘परदेशी’ सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) आहे. तेथील जमिनीवर हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या आहेत, म्हणून पादत्राणे बाहेर काढावी लागतात. इस्राएलच्या स्थापनेनंतर येथील बहुतेक ज्यू तिकडे गेले. बाजार रस्त्यावरच्या वखारींतून मात्र सुंठ, मिरी, वेलदोड्याचा वास अजूनही येतो.

मराठी वाचकाला मट्टनचेरीत ओळखीचे बरेच सापडेल. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातून बाहेर पडलेली गौड सारस्वत कुटुंबे येथे स्थिरावली. चेरलाई भागातील तिरुमल देवस्थान त्यांचेच, आणि कोंकणी आजही या वस्तीत बोलली जाते. रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी डच गव्हर्नर व्हान रेडे याला मलबारच्या वनस्पतींवरील १२ खंडी ‘होर्तुस मलाबारिकुस’ या ग्रंथासाठी साहाय्य केले. त्यांचे नागरी लिपीतील कोंकणी निवेदन त्यात छापले आहे.

संध्याकाळच्या करमणुकीत कथकलीला पहिले स्थान द्यावे. परंपरेने रात्रभर चालणारा हा प्रयोग फोर्ट कोचीतील केंद्रांत दीड-दोन तासांत दाखवतात. प्रयोगाआधी रंगभूषा पाहू देतात, ती चुकवू नये. कलरीपयट्टू या केरळच्या पारंपरिक युद्धकलेची प्रात्यक्षिकेही होतात. डिसेंबरअखेरीस कोचीन कार्निव्हल भरतो. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री ‘पप्पांजी’ या म्हाताऱ्याचा भलामोठा पुतळा जाळतात आणि तेव्हा किनाऱ्यावर प्रचंड गर्दी होते. १२ डिसेंबर २०१२ रोजी सुरू झालेले कोची-मुझिरिस बिएनाले हे समकालीन कलेचे प्रदर्शन जुन्या वखारींत आणि ॲस्पिनवॉल हाउस या जुन्या व्यापारी वास्तूत भरत आले आहे. त्याचे संस्थापक बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू हे दोघेही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले.

भेटीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. जूनपासून पाऊस जोरदार असतो. सिनेगॉग शनिवारी व ज्यू सणांच्या दिवशी बंद असते.