अब्यूज रिपोर्ट आणि छोट्या सर्व्हरची राखण

बाहेरच्या कुठल्यातरी आयपी पत्त्यावरून आपल्या सर्व्हरमध्ये घुसायचा प्रयत्न झाला, की तो पत्ता ज्या नेटवर्कच्या ताब्यात आहे त्यांना लॉगसकट (सर्व्हरने आपोआप लिहून ठेवलेल्या नोंदींसकट) कळवणं म्हणजे अब्यूज रिपोर्ट. एक-दोन सर्व्हरवर चालणाऱ्या छोट्या व्यवसायात हे काम बहुतेक वेळा इतर दहा कामं करणाऱ्याच माणसाकडे येतं, म्हणून तक्रार आणि राखण दोन्ही इथे एकत्र घेतलंय.

या प्रथेची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बरेच जण २ नोव्हेंबर १९८८ ला सुटलेल्या मॉरिस वर्मपासून (इंटरनेटवर आपोआप पसरत गेलेल्या प्रोग्रामपासून) धरतात, कारण त्यानंतर त्याच महिन्यात डार्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट (संगणक सुरक्षेच्या घटना हाताळणारं पथक) समन्वय केंद्र उभं राहिलं आणि अशा घटना कळवायला एक ठरलेली जागा झाली. (वर्मने ६,००० मशीन बंद पाडल्या हा आकडा सगळीकडे सापडतो, पण तो तेव्हाच्या अंदाजे ६०,००० मशीनचे दहा टक्के अशा हिशेबातून आलेला दिसतो, मोजणी म्हणून तो वापरू नये.) दुसरं मत मे १९९७ च्या आरएफसी २१४२ कडे (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम-शिफारशी मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) बोट दाखवतं, ज्यात अब्यूज, सिक्युरिटी, नॉक (नेटवर्क सांभाळणारी खोली) अशा मेलपेट्यांची नावं नेमून दिली. हे मत जास्त पटतं, कारण सर्टला कळवणं म्हणजे मध्यस्थाला कळवणं होतं, आणि आजची तक्रार थेट एका नेटवर्ककडून दुसऱ्याकडे जाते. अर्थात हा दस्तऐवज स्वतःच आपलं काम नावं गोळा करून नेमून देणं असं सांगतो, म्हणजे प्रथा त्याआधी थोडीफार रुळलेली असावी. त्यात अब्यूज ही पेटी ‘अयोग्य सार्वजनिक वर्तना’साठी आहे आणि सुरक्षेची वेगळी, तरी व्यवहारात घुसखोरीच्या तक्रारी अब्यूजकडेच जातात.

पेटीचा पत्ता हूइज किंवा आरडॅपमध्ये, म्हणजे आयपी पत्ता कोणाचा ते सांगणाऱ्या नोंदवहीत, मिळतो. अरिन, राइप एनसीसी, एपनिक, लॅकनिक आणि ॲफ्रिनिक या पाच रजिस्ट्र्या फक्त पत्ता कोणाचा ते सांगतात, कारवाई त्या करत नाहीत, त्यामुळे तक्रार त्यांना पाठवून काही होत नाही.

खरी गोम मजकुरात आहे. लॉगमध्ये ‘फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड यूजर ओरॅकल फ्रॉम २०३.०.११३.४५ पोर्ट ५१८२४’ अशी ओळ असते (म्हणजे ओरॅकल या नसलेल्या खात्याच्या नावाने पासवर्ड चुकला; हा पत्ता उदाहरणांसाठीच राखीव आहे), आणि लोक नेमका शेवटचा पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक, कापून फक्त आयपी पाठवतात. आता एकाच आयपीव्ही४ (जुन्या, चार आकड्यांच्या) पत्त्यामागे नॅटने, म्हणजे एक पत्ता अनेकांत वाटायच्या पद्धतीने, शेकडो ग्राहक बसवलेले असू शकतात, पलीकडच्या इंजिनिअरला त्यातला कोण हे शोधायला सोर्स पोर्ट (हल्ला करणाऱ्या बाजूचा पोर्ट) आणि सेकंदापर्यंतची वेळ दोन्ही लागतात. जून २०११ च्या आरएफसी ६३०२ ने हेच सांगितलंय: पोर्ट नोंदवा, प्रोटोकॉल नोंदवा, वेळ शक्यतो यूटीसीत (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) ठेवा. अपाची आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा नेहमीचा ॲक्सेस लॉग सोर्स पोर्ट लिहीतच नाही, तो लॉग फॉरमॅटमध्ये स्वतः घालावा लागतो. एसएसएच (सर्व्हरमध्ये दुरून लॉगिन करायची सोय) टीसीपीवर चालतं, पासवर्ड विचारायच्या आधी दोन्हीकडून हँडशेक, म्हणजे जोडणी पक्की करणारी देवाणघेवाण, पुरा झालेला असतो, म्हणून इथला पत्ता सहसा खोटा नसतो. अशी देवाणघेवाण न करणाऱ्या यूडीपीच्या हल्ल्यात मात्र तो सहज खोटा असू शकतो आणि तक्रार निर्दोष माणसावर जाते.

तक्रारीचा उपयोग होतो का यावर दोन तट आहेत. स्कॅनिंग चोवीस तास चालूच असतं, कुठे पत्रं लिहीत बसायचं, असं एक म्हणणं. पण ज्या मशीनवरून हल्ला येतो ती पुष्कळदा स्वतःच फोडलेली असते आणि तिच्या मालकाला याची खबरही नसते, त्याला दुसरं कोण सांगणार? सतत येणाऱ्या पत्त्यांची नेमकी आणि सभ्य तक्रार करावी हे बरं. उलट हल्ला करू नये.

राखणीचं बरंच सर्वांना माहीत असतं. एसएसएचला पासवर्ड बंद करून ‘की’ (लॉगिनच्या डिजिटल किल्ल्या) वापराव्या, आणि सेटिंग बदलताना चालू सेशन उघडंच ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय ना ते बघावं, नाहीतर स्वतःच बाहेर राहायची वेळ येते. एसएसएचचा नेहमीचा पोर्ट २२ बदलून लॉगमधला गोंगाट कमी होतो, एवढंच. फेलटूबॅन हा लॉग वाचून पत्ते अडवणारा प्रोग्राम मूळ सेटिंगमध्ये १० मिनिटांत ५ चुका झाल्या की १० मिनिटं बंदी घालतं, पण हल्ला शेकडो पत्त्यांवरून एकेक प्रयत्नाने आला तर ते त्याच्या हाती लागत नाही. डेटाबेसचा पोर्ट बाहेर उघडा नको, आणि बॅकअप दुसऱ्या जागी, परत उतरवून बघितलेला हवा.

लॉगमध्ये अनोळखी पत्त्यासमोर ‘ॲक्सेप्टेड’ (लॉगिन मान्य झालं) दिसलं तर प्रकरण प्रयत्नाच्या पुढे गेलेलं असतं. तेव्हा मशीन नेटवर्कपासून तोडावी पण लगेच बंद करू नये, मेमरीतला पुरावा जातो. लॉगची प्रत दुसरीकडे काढावी, आणि मग अब्यूज पेटीच्या आधी आपल्या देशाच्या सर्टला कळवावं.