सहभागी पीक पैदास

सहभागी पीक पैदास : पारंपरिक वाणांतून किंवा त्यांच्या संकरातून नवे वाण घडवताना शेतकरी आणि पैदासकार (नवे वाण घडवणारे शास्त्रज्ञ) यांनी मिळून निवड करण्याची पद्धत. येथे तिचा विचार सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे.

पीक-पैदास संशोधक विटकोम्ब व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दोन पायऱ्या वेगळ्या केल्या. तयार किंवा तयार होत आलेले वाण शेतकऱ्याच्या रानात पारखणे म्हणजे ‘सहभागी वाण निवड’. संकरानंतरच्या, अजून स्थिर न झालेल्या पिढ्याच शेतकऱ्याच्या हाती देणे म्हणजे ‘सहभागी पैदास’. मराठी लेखनात दोन्हींची सरमिसळ होते, ती टाळावी.

पद्धतीचा उगम सामान्यतः १९८०–९० च्या दशकांत मानतात. सिरियातील बार्लीवर पैदासकार सेक्कारेल्ली यांनी केलेले काम त्यांतील सर्वपरिचित. काही अभ्यासक मूळ मागे नेऊन हार्लन व मार्टिनी यांच्या १९२० च्या दशकातील मिश्र बार्ली-समूहांशी (अनेक संकरांचे बियाणे एकत्र मिसळून वाढवलेले पीक) आणि सुनेसन यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या उत्क्रांतिशील पैदाशीशी जोडतात. तेथे निवड निसर्गावर सोपवलेली होती, शेतकऱ्याला मत नव्हते; म्हणून तो मिश्र समूहाच्या तंत्राचा पूर्वेतिहास समजणे अधिक योग्य. मालदांडी या रब्बी ज्वारीच्या पारंपरिक वाणाबाबतही असाच प्रश्न पडतो. मोहोळ (जि. सोलापूर) येथे बहुधा १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘एम ३५-१’ अनेक दशके रब्बी ज्वारीचा मुख्य वाण राहिला. मूळ बियाणे पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी राखलेले, पण अखेरची निवड संशोधन केंद्राची. त्याला सहभागी पैदाशीचा पूर्वज म्हणता येईल, उदाहरण म्हणता येणार नाही.

या दोन जिल्ह्यांत पद्धतीची गरज भूगोलातूनच दिसते. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस, तर माण, आटपाडी, जत या भागांत साधारण ५०० मिमी.च्या आसपास. अनेक केंद्रांवरील चाचण्यांची सरासरी काढली की एखाद्याच टापूत सरस ठरणारा वाण मागे पडतो. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे वाण जमिनीच्या खोलीनुसार वेगळे शिफारस केले (हलकीसाठी फुले अनुराधा, मध्यमसाठी फुले सुचित्रा, भारीसाठी फुले वसुधा), ही त्याच अडचणीची अंशतः कबुली आहे. पूर्वेकडील शेतकरी शाळूची पारख धान्याच्या उताऱ्याइतकीच कडब्यावर करतो : ताट किती उंच, गुरे ते आवडीने खातात का, शिवाय दाण्याचा मोत्यासारखा रंग, भाकरी थापताना पिठाचा चिकटपणा, खोडमाशीने होणारी पोंगेमर (मधला कोंब वाळणे), ओल तुटल्यावर येणारा खडखड्या हा खोडाचा रोग. त्यामुळे बायकांचे मत घेतल्याशिवाय झालेली निवड अपुरी समजावी. भाकरी त्याच थापतात.

बियाणे राखण्यात पिकाची फुलोऱ्याची रीत निर्णायक ठरते. ज्वारी मुख्यतः स्वपरागित (स्वतःच्याच परागाने फळणारी) असली तरी काही अंशी परपरागीभवन, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागाने फलन, होते. म्हणून निवडलेल्या कणसांवर फुले उमलण्यापूर्वीच कागदी पिशवी चढवावी लागते किंवा शेजारच्या वाणापासून अंतर राखावे लागते. नाचणीचे फूल इतके बारीक की हाताने पुंकेसर काढणे जिकिरीचे. कणीस गरम पाण्यात बुडवून परागकण निकामी करण्याचे तंत्र शेतकऱ्याला रानात जमणे अवघड. पाटण, जावळीच्या डोंगरी शेतात त्यामुळे शेतकऱ्याचा वाटा बहुधा केवळ वाण निवडीपुरता राहतो.

करडईत शेतकऱ्याची अडचण पैदाशीचे उद्दिष्ट बनली. काट्यांमुळे काढणीला मजूर नाखूष असत. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने (स्थापना १९६८) ‘नारी-६’ हा बिनकाट्यांचा वाण आणि ‘नारी-एनएच-१’ हा बिनकाट्यांचा संकर दिला. निवड मात्र संस्थेतच झाली. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला (राजम्याचा स्थानिक प्रकार) भौगोलिक निर्देशन, म्हणजे त्या प्रदेशाशी जोडलेल्या नावाची कायदेशीर नोंद, मिळाले आहे, पण ते नावाचे संरक्षण करते. बियाण्यातील निवड त्यातून साधत नाही.

कायद्याच्या दृष्टीने वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ महत्त्वाचा आहे. त्याखाली शेतकरी आपल्या वाणाची नोंदणी करू शकतो. घरचे बियाणे राखणे, पेरणे, देणे-घेणे व विकणे यांस मुभा आहे. विक्री मात्र ब्रँडच्या नावाने करता येत नाही. नव्या वाणाच्या घडणीत ज्या समूहाचे बियाणे वापरले त्याला लाभाचा वाटा मागता येतो. संयुक्त निवडीतून आलेल्या वाणावर कोणाचे नाव लागणार, हे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवणे इष्ट.