शेवाळ आणि शैवाक : राईतल्या खोडावर नेमकं काय बघायचं?

नावं सारखी, आणि श्रावणात रंगही सारखा. म्हणून घोटाळा होतो.

गडग्याच्या जांभ्यावर पावसात मखमलीसारखं पसरतं ते शेवाळ. ती वनस्पती, भिंगातून इवलाली पानं दिसतात. शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल (सूक्ष्म हिरवे जीव; शेवाळ नव्हे) यांचा एकत्र संसार. मसाल्यातलं दगडफूल हे शैवाकच.

ओळखायचं तर मे महिन्यात जा. शेवाळ सुकून तपकिरी झालेलं असतं, शैवाकाचे करडे-पांढरे डाग खोडाला चिकटलेले असतात. अशा डागावर पाण्याचा थेंब सोडा. बघता बघता तो हिरवट होतो, कारण वरचा बुरशीचा थर भिजला की खालचं शैवाल दिसू लागतं. पावसाळ्यात फसगत होते ती इथेच.

झाडाला कोड फुटलं समजून हे डाग खरवडणारे बागायतदार पाहिले की जीव तुटतो. शैवाक झाडाचा रस पीत नाही; ते काम बांडगुळाचं. शैवाकाला मुळंच नाहीत, जे घ्यायचं ते पाऊस आणि हवेतून. म्हणून धुराचा फटका त्याला लवकर बसतो. पॅरिसच्या बागेत शैवाकांचे अभ्यासक न्यलांडर यांनी 1866 साली हेच नोंदवलं होतं. वाढ इतकी सावकाश, की अनेक जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर पसरतात.

शेवाळावरून जागेची ओल कळते. राई किती काळ अभंग राहिली, हे शैवाकावरून जास्त कळतं. मात्र नुसते डाग मोजून उपयोग नाही. रस्त्याकडेच्या उन्हातला आंबाही डागांनी भरलेला असतो, पण ते बहुतेक दोन-चार चिवट जातींचे. मोडी अक्षरांसारख्या काळ्या रेघा ओढणारा ग्राफिस नावाचा शैवाक बागेतही भेटतो. देवरहाटीत, म्हणजे देवराईत, सावलीतल्या जुन्या खोडावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं असलेला पातळ थर शोधा. हा थेलोट्रेमा नावाच्या शैवाकांचा गोतावळा. उष्ण प्रदेशातल्या न तोडलेल्या जंगलाची खूण म्हणून अभ्यासक त्याच्याकडे बघतात. तोड झाली, ऊन आत आलं, की यातल्या बऱ्याच जाती टिकत नाहीत.

तुलना करताना फणसाशी फणस, ऐनाशी ऐन, असंच बघा. झाडाची साल बदलली की शैवाकही बदलतो. खरवडू नका. शेजारी नाणं धरून फोटो काढा, आणि पुढच्या मे महिन्यात त्याच खोडाशी परत जा.