दूरचित्रवाणी वाहिन्यांवरील सरकारी नियंत्रण (भारत)

भारतात वृत्तपत्र काढायला नोंदणी पुरते. वृत्तवाहिनीला मात्र केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाची अपलिंकिंग-डाउनलिंकिंगची (संकेत उपग्रहाकडे पाठवण्याची व तेथून खाली घेण्याची) परवानगी लागते आणि मुदत संपली की तिचे नूतनीकरण करावे लागते. ‘ट्राय’ (भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण) ही स्वायत्त संस्था दर व तांत्रिक बाबी पाहते. आशयाविषयीची तक्रार 2021 च्या नियमांनुसार आधी वाहिनीकडे आणि मग वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाते; त्यावरची देखरेख आणि शिक्षा मात्र मंत्रालयाच्याच हाती असते.

हीरो चषक क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून 1993 मध्ये उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली. न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रात या लहरींचे नियमन सरकारपासून स्वतंत्र प्राधिकरणाकडे असावे, असे म्हटले होते. पुढे आलेली प्रसार भारती दूरदर्शन-आकाशवाणीपुरतीच राहिली. खासगी वाहिन्यांसाठी तसे प्राधिकरण झालेच नाही.

1995 च्याच केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायद्याखालील कार्यक्रम संहितेत, म्हणजे वाहिन्यांनी काय दाखवू नये याच्या नियमांत, ‘अभिरुची’, ‘अर्धसत्य’ असे शब्द आहेत. कुणाची अभिरुची, हे संहिता सांगत नाही. काही नियमांमागे मात्र ठोस अनुभव आहे. नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात नरिमन हाउसवर उतरणारे कमांडो वाहिन्यांनी थेट दाखवले. कसाब खटल्याच्या 2012 च्या निकालात न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले. 2015 मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला बंदी आली. पठाणकोट हल्ल्याच्या वार्तांकनावरून ‘एनडीटीव्ही इंडिया’ला 9 नोव्हेंबर 2016 रोजी दिवसभर बंद राहण्याचा आदेश निघाला तो याच नियमाखाली; टीकेनंतर तो ऐनवेळी स्थगित झाला.

परवान्याचे खरे वजन ‘मीडियावन’ या मल्याळम वाहिनीच्या प्रकरणात दिसले. गृह मंत्रालयाने सुरक्षाविषयक मंजुरी नाकारली, म्हणून जानेवारी 2022 मध्ये प्रक्षेपण थांबवायला लावले गेले. कारणे सीलबंद पाकिटातून केरळ उच्च न्यायालयाच्या हाती गेली. वाहिनीला ती कळलीच नाहीत, तरीही बंदी कायम राहिली. सर्वोच्च न्यायालयाने मार्चमध्ये अंतरिम दिलासा दिला. 5 एप्रिल 2023 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड व न्या. हिमा कोहली यांच्या पीठाने बंदी रद्द करून चार आठवड्यांत नूतनीकरणाचा आदेश दिला. सरकारच्या धोरणांवर टीका करणारी वाहिनी व्यवस्थाविरोधी ठरत नाही आणि राष्ट्रीय सुरक्षेचे नुसते नाव घेऊन बाजू मांडण्याचा हक्क हिरावता येत नाही, असे पीठाने म्हटले. परवानगी देणारे मंत्रालय मात्र तेच राहिले.