ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि मानसिक आरोग्य

ड जीवनसत्त्व हाडांसाठी लागते, हे शाळेपासून ठाऊक असते. ते कमी पडले की लहान मुलांना मुडदूस होतो, मोठ्यांची हाडे मऊ पडतात. गेल्या दोन-तीन दशकांत मात्र नैराश्य, स्मृतिभ्रंश आणि स्किझोफ्रेनिया यांच्या चर्चेतही त्याचे नाव येऊ लागले. रक्तात हे जीवनसत्त्व कमी असलेल्या लोकांमध्ये नैराश्य जास्त आढळते, असे अनेक देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. ते कमी झाल्यामुळेच नैराश्य येते का, हा मात्र निराळा प्रश्न आहे आणि त्याचे आजवर मिळालेले उत्तर बरेचसे ‘नाही’कडे झुकते. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की नुकसान रुग्णाचे होते. कुणाचे नैराश्य औषधावाचून राहते, तर कुणाचे दुखरे अंग ‘मनाचे खेळ’ म्हणून सोडून दिले जाते.

जीवनसत्त्व म्हणत असलो तरी हे प्रत्यक्षात संप्रेरकासारखे काम करते. उन्हातले अतिनील-ब किरण (सुमारे 290 ते 315 नॅनोमीटर) त्वचेवर पडले की तिथे ते तयार होते. पुढे यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होऊन कॅल्सिट्रायॉल हे क्रियाशील रूप मिळते. रक्ततपासणीत मोजतात ते यकृतातून बाहेर पडणारे मधले रूप. 2005 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधील संशोधकांनी मानवी मेंदूत या संप्रेरकाचे ग्राही (ते जिथे जोडले जाऊन काम करते ती पेशींतली प्रथिने) कुठे कुठे आहेत याचा नकाशा प्रसिद्ध केला. मेंदूतला हायपोथॅलॅमस, आणि डोपामाइन हे संदेशवाहक रसायन तयार करणारा सबस्टॅन्शिया नायग्रा, या दोन भागांत ते ठळकपणे दिसले. क्रियाशील रूप बनवणारे विकरही (एन्झाइम) मेंदूत सापडले. प्राण्यांवरच्या प्रयोगांत डोपामाइन आणि सेरोटोनिन बनवणाऱ्या विकरांवर या जीवनसत्त्वाचा परिणाम दिसतो. म्हणजे संबंध असण्याला शरीरात आधार आहे. पण मेंदूत ग्राही सापडले एवढ्यावरून गोळीने उदासी जाईल असे ठरत नाही.

चाचण्यांनी काय दाखवले

2013 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त 31,424 लोकांची माहिती एकत्र करणारा आढावा आला. कमी पातळी आणि नैराश्य यांची सांगड त्यात स्पष्ट दिसली आणि वर्तमानपत्रांतून ती घरोघरी पोहोचली. अशा पाहणीत आधी काय आणि नंतर काय हे मात्र सहसा कळत नाही. नैराश्य आलेला माणूस दार लावून घेतो, फिरायला जात नाही, धड जेवत नाही. त्याचे ड जीवनसत्त्व उतरणारच. लठ्ठपणा आणि दीर्घ आजारांतही ते कमी असते, आणि या दोन्हींत नैराश्यही अधिक असते.

म्हणून प्रत्यक्ष देऊन पाहणे भाग होते. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत पन्नाशी ओलांडलेल्या 18,353 जणांपैकी निम्म्यांना रोज 2,000 एकके ड-3 आणि निम्म्यांना औषध नसलेली निव्वळ दिखाऊ गोळी देण्यात आली. पाच वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा झाला. 2020 मध्ये निष्कर्ष आला: नैराश्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच. ऑस्ट्रेलियातल्या ‘डी-हेल्थ’ चाचणीत साठीपुढच्या 21,315 लोकांपैकी निम्म्यांना महिन्यातून एकदा 60,000 एकके आणि निम्म्यांना दिखाऊ गोळी दिली गेली; तिथेही एकूण गटात नैराश्यावरची औषधे सुरू होण्याचे प्रमाण घटले नाही. जन्मतः कमी पातळीकडे कल देणारी जनुके असलेल्या लोकांना नैराश्य जास्त होते का, हेही तपासून झाले आहे. तसे आढळलेले नाही.

या चाचण्यांची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. त्यांत घेतलेले बहुतेक लोक फारशी कमतरता नसलेले होते. ज्याची पातळी तळाला गेली आहे आणि ज्याला नैराश्यही आहे, त्याच्याबद्दल त्या फार काही सांगत नाहीत. अशा रुग्णांवर झालेल्या काही लहान चाचण्यांत थोडा फायदा दिसला, काहींत दिसला नाही.

हिवाळी नैराश्याची गोष्ट इथे उपयोगी पडते. उत्तरेकडच्या देशांत दिवस लहान झाले की काहींना दरवर्षी उदासी येते. 1984 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी या विकाराचे वर्णन केले. ऊन कमी म्हणजे ड कमी, ड कमी म्हणजे उदासी, असे वाटणे साहजिक आहे. पण त्यावरचा प्रचलित उपचार म्हणजे सकाळी अर्धा तास 10,000 लक्सच्या दिव्यासमोर बसणे. हा उजेड डोळ्यांवाटे काम करतो आणि त्या दिव्यातले अतिनील किरण मुद्दाम गाळलेले असतात. ड जीवनसत्त्व तयार न होताही माणूस सुधारतो.

स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत धागा गर्भावस्थेपर्यंत जातो. डेन्मार्कमध्ये नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून वर्षानुवर्षे जपले जातात. संशोधक जॉन मॅकग्रा यांच्या गटाने ते थेंब तपासले. जन्माच्या वेळी ज्यांची पातळी सर्वांत खालच्या पंचमांशात होती त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण अधिक दिसले. मोठ्या संख्येवर केलेल्या 2018 च्या अभ्यासात ही जोखीम सुमारे 44 टक्के जास्त आढळली. हाही संबंधच आहे, सिद्ध झालेले कारण नव्हे. तरी या विषयातला मला सर्वांत दमदार वाटणारा पुरावा हाच.

ऊन असूनही कमतरता

मुंबई-पुण्यासारख्या, वर्षातले आठ-नऊ महिने ऊन तळपणाऱ्या ठिकाणी ‘डी कमी आलंय’ हे वाक्य रोज ऐकू येते. सावळ्या त्वचेला तेवढेच जीवनसत्त्व बनवायला जास्त वेळ ऊन लागते. अंग झाकलेले असते, काम चार भिंतींत, हवेत धूर. काचेतून अतिनील-ब किरण येत नाहीत, त्यामुळे खिडकीशी बसून उपयोग नाही. आहारातही ते थोडेच: तारली, बांगडा, अंड्याचा बलक. दूध आणि खाद्यतेलात ते मिसळण्याचे मानक 2018 पासून आहे. अशा पिशवीवर ‘+एफ’ हे चिन्ह असते.

बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात ठेवण्याची आपली रीत प्रेमाची आहे, पण अगदी सकाळच्या तिरप्या उन्हात हे किरण फारसे उरत नाहीत. आपली सावली उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचे ऊन कामाचे. सकाळी फिरून आल्यावर बरे वाटते ते मात्र खरेच असते. चालण्याने, उजेडाने आणि रात्री नीट लागणाऱ्या झोपेने मन हलके होते. त्याचे श्रेय ड जीवनसत्त्वाला द्यायची गरज नाही.

निदान आणि उपचार

तीव्र कमतरता आणि नैराश्य यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात: थकवा, अंगदुखी, कशात उत्साह नसणे. पोळ्या लाटून झाल्यावर जमिनीवरून उठताना ओट्याचा आधार घेणारी, जिना चढताना मांड्या भरून येणारी बाई ‘सगळं अंगच दुखतंय’ म्हणते. घरचे म्हणतात, टेन्शन घेते. हाडे मऊ पडली की कंबर आणि मांड्यांचे स्नायू नेमके असेच दुबळे होतात. तिची तपासणी व्हायलाच हवी. सोबत बी-12, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही पाहतात, कारण त्यांची लक्षणेही अशीच असतात.

20 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरखालची पातळी कमतरता मानण्याचा प्रघात आहे. मात्र अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने 2024 मध्ये निरोगी प्रौढांनी उगाच तपासणी करू नये असे सुचवले आणि पूर्वी दिलेल्या सीमारेषांचा पाठपुरावा सोडला. भारतात प्रौढांसाठी रोज 600 एककांची शिफारस आहे. कमतरता असेल तर आठवड्यातून एकदा 60,000 एककांची पुडी दुधात घालून, साधारण आठ आठवडे, असा उपचार चालतो. त्याने हाडांचे दुखणे कमी होते. नैराश्यावर समुपदेशन आणि औषधे हाच उपचार राहतो. पुडी सुरू केली म्हणून तो थांबवायचा नसतो. बोलायला कुणी नसेल तर शासनाची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

मानसिक आजारावरची काही औषधेही इथे गुंतलेली आहेत. फिट्स आणि मनःस्थितीच्या विकारांवर दिले जाणारे कार्बामाझेपीन दीर्घकाळ घेतल्यास यकृतात ड जीवनसत्त्व लवकर मोडीत निघते. उलट, आठवड्याची पुडी चुकून रोज घेतली गेली तर रक्तातले कॅल्शियम चढते. तहान, बद्धकोष्ठता, मळमळ सुरू होते आणि पुढे मरगळ, उदासी, बोलण्यात गोंधळ. घरच्यांना वाटते आजार बळावला. मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवर लिथियम हे औषध घेणाऱ्यांत कॅल्शियम एरवीही वाढू शकते, म्हणून त्यांना पुडी देण्याआधी आणि नंतर ते मोजून पाहावे लागते.